सात नंबरचा खिळा

अजिनाथ आपल्या ओळखीतलाच. तुमच्यातल्या एकदोघांनी त्याला पाहिलाही असंल. शनिवारी हर्सूलच्या नाक्यावर चहाला टेकायचा. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, अन् खिशाला मास्तरासारखा पेन. त्या पेनाचं लोकांना लई हसू यायचं. गावाचं नाव मात्र इथं काढायचं नाय. अजिंठा रोडनं हर्सूल मागं टाकलं की डाव्या अंगाला आत जावं लागतं, एवढं पुरे. दार लोटून घ्या, अन् ऐका.

चंपाषष्ठी होती. दोन हजार पंचवीस साल, सव्वीस नोव्हेंबर, बुधवार. सकाळी अजिनाथ, त्याची बायको मंजुळाबाई अन् पोरगी सृष्टी, तिघंही शहरालगतच्या साताऱ्याच्या खंडोबाला जाऊन आले. सृष्टी एकोणीस वर्षांची, एकुलती एक. शहरात नर्सिंगला होती, पुंडलिकनगरात मावशीकडं राहायची. सणाला म्हणून दोन दिवस आलेली. दुपारी भरीत-रोडगा झाला, तळी भरली, दिवसमावळतीला मेंढरं वाड्यात कोंडली. सगळं कसं निवांत होतं.

सात वाजता संघपाल सरांचा फोन आला. हे सर कॉलेजात दगडमातीचं शिकवायचे. तीन वर्षांपासून गावाबाहेरच्या घळींचा अभ्यास करत होते अन् अजिनाथ त्यांचा तिथला माणूस.

“अजिनाथभाऊ, या महिन्याची मापं राहिली आपली. उद्या नऊच्या आत मला पुढं पाठवायचीत.”

“चुकलंच सर. सणाच्या गडबडीत राहिलं. चांदणं हाय, आत्ताच घेऊन येतो. तासाभराचं काम.”

“रात्रीचं जाऊ नका हो. सकाळी घ्या.”

“सकाळी मेंढरं लांब न्यायचीत. तुम्ही फिकीर करू नका, माझ्या पायाखालचं रान हाय.”

आठ वाजता तो निघाला. वही, लोखंडी पट्टी, बॅटरी. मंजुळाबाई भांडी घासत होती. तिनं विचारलं, “आज काहून?” तो म्हणाला, “आलोच.”

आता त्या घळी कशा आहेत ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाय.

गावाच्या पश्चिमेला अर्ध्या किलोमीटरवर जमीन एकदम फाटते. शेत संपतं अन् पुढं पाय ठेवायला जागा नाय, सगळ्या घळीच घळी. दोन घळींच्या मधी माती उरलीय ती सुरीच्या धारेसारखी. कुठं मातीचे खांब उभे, माणसाएवढे, प्रत्येकाच्या डोक्यावर एक काळा दगड. दगड आहे तोवर खांब आहे. दगड निसटला की एका पावसात खांब सपाट. कड्याला पाहिलं तर थर दिसतात. वर काळा कातळ, त्याखाली भोकाभोकांचा मांजऱ्या दगड, त्याखाली तांबडाभडक गेरूचा पट्टा, विटेसारखा भाजलेला. अन् सगळ्यात खाली चुनखडीची पिवळी माती. हातात धरली तर ढेकूळ, पाणी लागलं की पीठ. गवत धरत नाय, झाड धरत नाय. संघपाल सर म्हणायचे, “अजिनाथभाऊ, असली जमीन वाळवंटाच्या मुलखात असते. आपल्या इथं ही काय करतेय, तेच मला शोधायचंय.”

दर पावसाळ्यात घळी पुढं सरकतात. किती सरकल्या ते कळावं म्हणून सरांनी उतारावर बारा लोखंडी सळया ठोकल्या होत्या, हातभर लांबीच्या. गावात त्यांना खिळे म्हणायचे. प्रत्येकावर रंगानं नंबर टाकलेला. माती झिजली की खिळा उघडा पडतो. किती पडला ते अजिनाथनं दर महिन्याला पट्टीनं मोजायचं, वहीत लिहायचं. पेन त्यासाठी.

पण त्या रानाची खरी गंमत वर नाय, आत आहे. पाणी वरून वाहत नाय, भेगेतून आत शिरतं अन् आतल्या आत बिळं पाडत जातं. माणूस सरपटत जाईल एवढाली बिळं. वरचं छत पापडासारखं. सरांनी एकदा एका भोकाच्या तोंडाशी पाला जाळला, तर धूर अकरा भोकांतून निघाला. कोणतं बीळ कुठून कुठं जातं, कोणालाच ठाऊक नाय. आवाजाचंही तसंच. एका तोंडाशी बोललेलं अकरा तोंडांतून येतं, अन् येतं ते घोगरं होऊन. बाई की बाप्या तेसुद्धा ओळखू येत नाय.

म्हणूनच गावात जुना रिवाज. घळीतून रात्री कोणी नाव घेऊन हाक मारली तर ओ द्यायची नाय. तो चकवा. माणसाला बोलावून नेतो, अन् मग ते रान त्याला गिळतं.

हा रिवाज एका बाईला कसा भोवला, ते अजिनाथच्या पोटात होतं. चौदा महिने होतं. बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

आदल्या साली पितरांच्या पंधरवड्यात आशाबाई त्या घळीत पडली. आशाबाई गावकुसाला एकटी राहायची, पन्नाशीची, नवरा नाय, लेकरू नाय, तेल लावून पाच पेडांची घट्ट वेणी घालायची तेवढी हौस. पावसानंतर घळीत फिरून मांजऱ्यातल्या गारगोट्या काढायची, आत पांढरे काटे असतात त्या, अन् अजिंठा रोडला दगड विकणाऱ्यांना नेऊन द्यायची. मधेच उठून कन्नडला भावाकडं जायची ती महिना महिना यायची नाय. त्यामुळं ती दिसली नाय, तर कोणाला काही वाटायचं कारण नव्हतं.

पहिल्या रात्री घळीतून हाका आल्या. “गीताबाई... कडुबा भाऊ... अजिनाथ भाऊ...” सगळं गाव पारापाशी गोळा झालं. गीताबाई म्हशी राखणारी, अन् कडुबा म्हणजे गावातला जुना माणूस, सगळ्यांनी मान द्यावा असा. तो म्हणाला, “अजिनाथ, घळीतलं तुलाच कळतं. माणूस असंल का रे?”

सगळे अजिनाथकडं बघायला लागले. कॉलेजाचा माणूस, खिशाला पेन. त्यानं कान दिला अन् छातीठोक सांगितलं, “माणूस नाय. चकवा हाय. कोणी ओ देऊ नका.”

लोक घरी गेले. दारं लागली. हाका पहाटपर्यंत येत राहिल्या.

त्या रात्री त्याला खरंच तसं वाटलं होतं. त्याचा दोष धरायचा नाय. दोष दुसऱ्या रात्रीचा. दुसऱ्या रात्री तो लघवीला उठला. घळीच्या अंगानं वारा होता. त्याला खोकला ऐकू आला. कोरडा खोकला. अन् मग शब्द, एक एक करून.

“अजिनाथ भाऊ... सात नंबरच्या खिळ्यापाशी हाय... पाणी आना भाऊ...”

चकवा खोकत नाय. चकवा पत्ता सांगत नाय. खिळ्यांचे नंबर ओळखणारी, घळीत फिरणारी एकच बाई होती. अजिनाथला त्याच घडीला कळलं की ती आशाबाई आहे, अन् जित्ती आहे.

तो अंगणात उभा राहिला. आता दारं वाजवायची म्हणजे सगळ्या गावासमोर म्हणायचं, मी काल चुकलो. कडुबासमोर म्हणायचं. एक बाई माझ्या शब्दामुळं रात्रभर आत पडून राहिली असं म्हणायचं. ते त्याच्यानं झालं नाय. सकाळी एकटाच जाऊन गुमान काढू, असं मनाशी ठरवलं अन् पांघरूण घेऊन पडला. झोपही लागली.

सकाळी मेंढरं सोडून मग गेला. सात नंबरच्या खिळ्यापाशी सुपाएवढं भोक पडलेलं. वाकून एकदा हाक मारली, “आशाबाई.” एकदाच. आतून काही आलं नाय. बेशुद्ध होती, झोपली होती, की गेली होती, देव जाणे. त्यानं पुन्हा हाक मारली नाय. बाजूचा एक दगड लोटून भोकावर बसवला. कोणाचं जनावर पडू नये, असं स्वतःला सांगितलं. अन् घरी आला.

आशाबाई कन्नडला गेली, असं गाव म्हणालं. तोही तेच म्हणाला.

तेव्हापासून सात नंबरचं माप तो लांबूनच अंदाजानं लिहायचा.

हां. तर आता चंपाषष्ठीची रात्र.

चांदणं बरं होतं. एक ते सहा नंबर नीट झाले. पाच आठवडे पाऊस नव्हता, त्यामुळं खिळे जिथल्या तिथं. कुठं फरक असला तर सुताएवढा. नऊ वाजत आले होते. सातच्या बाजूला त्यानं नेहमीसारखी लांबूनच बॅटरी मारली.

खिळा वीतभर बाहेर आलेला.

पाऊस नाय, वारा नाय, अन् माती वीतभर गेलेली. त्यानं उजेड खाली नेला. उतारावर ताज्या मातीचा ढीग होता. तांबड्या. तांबडी माती वरच्या पट्ट्यातली, इथं ती यायचं कारण नाय. अन् भोकावरचा दगड... दगड बाजूला झालेला नव्हता. मधोमध फुटून आत गेलेला.

माती बाहेरून झिजली नव्हती. आतून ढकललेली होती.

अजिनाथनं वही खिशात घातली अन् मागं फिरला. धावला नाय. धावायचं नसतं. आल्या वाटेनं चालत राहिला. तीन खांब, मग उजवीकडची घळ, मग चढ, मग शेत. तीन खांब आले. उजवीकडची घळ आली. चढ चढला, अन् समोर सात नंबर.

दुसऱ्यांदा निघाला. खांब मोजले. तीन. घळ. चढ.

सात नंबर.

तिसऱ्यांदा त्यानं घळीच धरल्या नाय, धारेवरून बसून सरकत निघाला. माती पायाखालून सुटत होती. तळहात सोलले, बॅटरी हातातून निसटून घळीत गेली. किती वेळ गेला कळलं नाय. धारेच्या माथ्यावर पोचला तेव्हा चंद्र टेकला होता. पावणेअकराच्या सुमाराला चंद्र बुडाला. अन् सगळं काळं झालं.

तेव्हा हाक आली.

खालून. मागून. सगळीकडून.

“सृष्टू...”

अजिनाथ जागच्या जागी थिजला. सृष्टू असं तिला जगात एकच माणूस म्हणायचा. तो स्वतः. अन् आवाजही... माणसाला आपला आवाज बाहेरून कसा ऐकू येतो ते ठाऊक नसतं. पण पोरीनं एकदा मोबाइलवर त्याचं बोलणं भरून त्यालाच ऐकवलं होतं. हाच तो आवाज. घोगरा झालेला नाय. स्वच्छ.

“सृष्टू... पाय अडकलाय माय... पाणी आन...”

मग खोकला. कोरडा.

“सात नंबरच्या खिळ्यापाशी हाय...”

त्यानं दोन्ही हात तोंडावर दाबले. आपणच बोलतोय की काय, म्हणून. ओठ बंद होते. आवाज येत होता.

इकडं घरी काय झालं, ते मंजुळाबाईनं नंतर सांगितलं. दोघी मायलेकी वाट बघत अंगणात बसल्या होत्या. फोन लागत नव्हता, घळीत लागतच नाय. हाक आली तशी सृष्टी ताडकन उठली. मंजुळाबाईनं तिचा हात धरला.

“ओ देऊ नको. चकवा हाय गं. तुझ्या बापानंच सांगितलेलंय, ओ देऊ नका म्हणून.”

“आई, आबा पडलेत! ऐक की. खोकतायत ते. चकवा खोकतो का?”

“सकाळपर्यंत थांब माय. कडुबाला उठवू.”

“सकाळपर्यंत माणूस मरंल,” असं म्हणून पोरीनं हात सोडवला. पाण्याची बाटली घेतली, मोबाइलची लाईट लावली, अन् निघाली. नर्सिंगची पोरगी. दुसरं काय करणार होती.

अजिनाथला तो उजेड दिसला. शेताच्या कडेनं, हलत हलत. आधी त्याला कळलं नाय. मग कळलं. ती चाल त्याला पाठ होती.

तो बेंबीच्या देठापासून ओरडला.

“येऊ नको! सृष्टू, येऊ नको! माघारी जा!”

आवाज घळीत उतरला, बिळात शिरला, अकरा तोंडांतून बाहेर आला. पण सगळा आला नाय. अर्धाच आला.

“सृष्टू... ये... ये...”

उजेड थांबला. मग वळला. सातकडं.

“नको! नको गं!”

“...गं... ये गं...”

“आले आबा! तिथंच थांबा!”

तो तिच्याकडं पळाला. अंधारात घळ आडवी आली. खाली गेला, वर चढला, दुसरी आडवी आली. उजेड साठसत्तर हातांवर होता. पोरगी जपून चालत होती. पाय टेकून, अंदाज घेऊन. तिनं उजेड खाली धरला. वाकली.

“आबा?”

उजेड खाली गेला.

पडल्याचा आवाज आला नाय. किंकाळी आली नाय. उजेड फक्त खाली गेला, विहिरीत कळशी सोडावी तसा. अन् भोकाच्या तोंडाशी थोडा वेळ तांबडं दिसत राहिलं. मग ते पण नाय.

आवाज बंद झाला. त्याचा आवाज.

मग तिचा सुरू झाला.

“आबा...”

डावीकडून. “आबा...” पायाखालून. “आबा, हात अडकलाय...” मागच्या घळीतून, वरच्या कड्यातून, त्या मातीच्या खांबांच्या बुडातून. अकरा तोंडं. ती सगळी तोंडं तो ओळखत होता, त्याच्या वहीत होती, अन् पोरगी त्यातल्या कशात आहे ते त्याला सांगता येत नव्हतं. सातचं भोक तर थोडं खाली जाऊन वळलं होतं. हात खांद्यापर्यंत घातला. माती. नुसती माती.

नखं निघेपर्यंत त्यानं उकरलं. मग गावाकडं पळाला.

साडेअकरा वाजले असतील. पहिलं दार कडुबाचं.

“कडुबा! कडुबा काका! सृष्टी पडली! दार उघडा!”

आत खाट करकरली. मग सगळं शांत. अजिनाथनं दार धडाधडा वाजवलं. आतून कडुबाची कुजबूज ऐकू आली, बायकोला सांगत होता, “ओ देऊ नको. अजिनाथचा आवाज काढून आलंय. मघापासून घळीत बोलत होतं, आता दाराशी आलं.”

“काका, मी हाय! अजिनाथ हाय मी!”

आत दिवा मालवला.

गीताबाईच्या दाराशी गेला. तिनं आतून आणखी एक कडी लावली, ती वाजलेली त्यानं ऐकली. तिसरं दार. चौथं. नावं घेऊन हाका मारत होता, एकेकाचं, बापाच्या नावासकट. ज्या गावात जन्म गेला, त्या गावातलं एक माणूस ओ देईना. लेकरं आत रडत होती अन् त्यांच्या आया त्यांची तोंडं दाबत होत्या. त्यानंच शिकवलं होतं ना. कॉलेजाचा माणूस होता तो.

एकटी मंजुळाबाई बाहेर होती. तिला बघून त्यानं काही सांगायला तोंड उघडलं. तिनं ओळखलं. ती खालीच बसली.

संघपाल सरांना फोन लागला. रात्री दीडला सर आले, पोलीस अन् अग्निशमनची माणसं घेऊन. गाड्यांचे उजेड बघून मग दारं उघडली. सगळं गाव आलं. कडुबा तोंड लपवत होता. पोरीचा आवाज अजून येत होता, साफ येत होता.

मशीन नेता येईना. छत खचलं तर पोरगी आतच पुरली जाईल. फावडी अन् हात, दुसरं काही नाय. सर एकेका तोंडाशी कान लावत फिरत होते. पहाटे त्यांनी अजिनाथला बाजूला घेतलं.

“भाऊ, नीट आठवा. या आधी इथं कोणी पडलं होतं का? आवाज कुठून मोठा येत होता, हे कोणाला माहीत असलं तर बिळाची दिशा कळंल. अंधारात उकरतोय आपण.”

बघा, पोरगी खाली रडत होती. चार शब्दांचं काम. पण त्या चार शब्दांमागं दुसरे शब्द होते, सुपाएवढं भोक होतं, लोटलेला दगड होता. सगळं गाव उभं होतं. कडुबा उभा होता.

“नाय सर,” अजिनाथ म्हणाला. “कोणी नाय पडलं.”

गुरुवारचा सगळा दिवस गेला. सातपासून चार जागी खणलं. सगळी बिळं आंधळी निघाली. नळीनं पाणी सोडावं तर माती विरघळायची, म्हणून तेही नाय. दुपारी पोरीचा आवाज बारीक झाला. ती आबा म्हणायचं सोडून नुसतं पाणी म्हणायला लागली. मंजुळाबाई एका तोंडापाशी पालथी पडून आत बोलत होती, न थांबता, लहानपणचं काहीबाही, कोणत्या शेळीला काय नाव ठेवलं होतं ते. तोंड बरोबर होतं की नाय, तिलाही ठाऊक नव्हतं.

दिवस मावळला. अन् आतून खोकला आला. कोरडा.

अजिनाथच्या हातातलं फावडं पडलं.

तो सगळ्यांच्या मधी जाऊन उभा राहिला अन् बोलला. सगळं. पहिली रात्र, दुसरी रात्र, सात नंबर, दगड. एक शब्द गाळला नाय. मंजुळाबाईनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं, अन् परत भोकाकडं वळली. ते पाहणं तो शेवटपर्यंत विसरला नाय म्हणतात.

मग गर्दीतून गीताबाईच बोलली, रडत रडत. “त्या टायमाला... आमच्या म्हशीच्या डोहापाशी लई मोठा आवाज यायचा. कानाजवळ कोणी बोलावं तसा. मी दुसऱ्या दिवशी म्हशी तिकडं नेल्याच नाय.”

डोह म्हणजे खालच्या ओढ्यातला. सातपासून चाळीस हात लांब, अन् उलट्या बाजूला. तिकडं कोणी पाहिलंही नव्हतं. सर धावले. कपारीखाली तोंड होतं, गवतानं झाकलेलं. कान लावला. सरांनी हात वर केला.

“इथंय. श्वास ऐकू येतोय.”

रात्रभर खणलं. नसायला हवा तिथं गेरूचा पट्टा आडवा आला, भाजलेल्या विटेसारखा, पहारीला ठिणग्या. हात हात पुढं सरकायचं. एक हात, टेकू द्यायचा. परत एक हात. अजिनाथला पुढं येऊ देईनात, त्याचे हात कामाचे राहिले नव्हते.

शुक्रवारी पहाटे पाचला आतला श्वास थांबला.

सकाळी साडेआठला तिच्यापाशी पोचले.

डॉक्टर म्हणाले, तीन-चार तास झाले असतील. हे तोंड आदल्या दिवशी सकाळीच सापडलं असतं, तर... असं म्हणाले अन् अजिनाथकडं बघून थांबले.

आशाबाईचं हाडसुद्धा मिळालं नाय. सगळी बिळं नंतर उकरून पाहिली.

आता जे सांगायचंय ते एवढंच. अजिनाथनं हे एकदाच सांगितलं.

पोरीला बाहेर काढून घोंगडीवर ठेवलं. अंगभर तांबडी माती, पापण्यांवर, दातांवर, सगळीकडं. दोन्ही हात खांद्यापासून दगडात दाबले गेले होते. पडली त्या घडीपासून तिला बोटही हलवता आलेलं नव्हतं, हे डॉक्टरांनीच सांगितलं. मंजुळाबाईनं पदर ओला करून तिचं तोंड पुसलं. मग मान उचलून मांडीवर घेतली. अन् तिचा हात थांबला.

“हिनं केस धुतले होते,” ती म्हणाली. “मोकळे होते. मोकळेच सोडून गेली होती.”

सगळे वाकून बघायला लागले.

केसांची वेणी घातलेली होती. पाच पेडांची, मानेपासून घट्ट. असली वेणी घरात कोणाला येत नव्हती. गावात आता कोणी घालतही नाय. अंगाला मूठभर जागा मातीशिवाय नव्हती, अन् वेणीवर मातीचा कण नव्हता.

मंजुळाबाईनं वेणीवरून हात फिरवला. टोकापर्यंत. मग तळहात उजेडात धरला.

तेल होतं.

ओलं.